सेक्शनला हाक मारायचं नाव

४ फेब्रुवारी

मॅडमनी आज सगळ्यांना आपल्या खोलीत बोलावलं आणि कुणाला बसा म्हणाल्या नाहीत. तेव्हाच ओळखलं, काहीतरी बिनसलंय.

लिफ्टवाले निघायच्या बेतात आहेत. आमचा लेखनाचा प्रोग्रॅम वापरणारी सगळ्यात मोठी कंपनी तीच. लिफ्टच्या देखभालीची त्यांची जाडजूड पुस्तकं आमच्याच प्रोग्रॅमवर लिहिली जातात. त्यातल्या एका पुस्तकात वाक्य होतं, ‘ब्रेक तपासण्यासाठी सेक्शन १४ पहा.’ पुढे कुणीतरी मध्येच एक नवा सेक्शन घातला. प्रोग्रॅमने त्यानंतरचे सगळे आकडे एकेकाने सरकवले, पण वाक्यातला चौदा चौदाच राहिला. मेकॅनिकने चौदावा सेक्शन उघडला तर तिथे लिफ्टमधल्या दिव्यांची माहिती. त्याने इमानेइतबारे दिवे तपासले आणि सही करून गेला. नशिबाने दुसऱ्या मेकॅनिकच्या ते लक्षात आलं. कुणाला काही झालं नाही. पण झालं असतं, हे मॅडम दोनदा म्हणाल्या.

काम माझ्याकडे आलंय. पडद्यावर डावीकडे जी पट्टी असते, जिच्यात डॉक्युमेंटचे भाग एकाखाली एक दिसतात, ती पट्टी नव्याने करायची. प्रोग्रॅमिंग आमच्या ऑफिसातला दाढीवाला करणार; ती कशी दिसावी, कशी वागावी ते मी ठरवायचं. एप्रिलच्या सुरुवातीला लिफ्टवाले बघायला येतील. पसंत पडलं तर राहतील. नाही पडलं तर आमचं सगळ्यांचं काय, ते मॅडम बोलल्या नाहीत आणि कुणी विचारलंही नाही.

घरी आले तर बाबा डोक्याला बर्फ लावून बसलेले. ओट्यावरच्या कपाटाचं दार उघडं राहिलं होतं, वाकून उठताना लागलं. चांगलं टेंगूळ आलंय. डॉक्टरकडे जाऊ म्हटलं तर म्हणाले, बैलांनी याहून जोरात हाणलंय मला. चाळीस वर्षं जनावरांची डॉक्टरकी केलेल्या माणसापुढे काय बोलायचं.

८ फेब्रुवारी

दाढीवाल्याशी वाजलं. त्याचं म्हणणं, आकडे आपोआप बदलतात तसे वाक्यातले आकडेही आपोआप बदलू दे, की संपलं काम. मी म्हटलं, कागदावर छापून भिंतीला चिकटवलेल्या सूचनेतला आकडा कोण बदलणार? मुळात माणसाने आकड्यावर विसंबूनच का राहावं? सेक्शनला नाव हवं. तो म्हणाला, नाव द्यायची सोय पहिल्यापासून आहे, लोक देत नाहीत त्याला आपण काय करणार.

हे मात्र खरं आहे. आमच्या घरातच पुरावा बसलाय. बाबा निवृत्त झाल्यापासून एक पुस्तक लिहितायत, जनावरं पाळणाऱ्या साध्या माणसांसाठी. आई गेल्यावर तर त्यांचा तोच उद्योग. साठाच्या वर सेक्शन झालेत आणि एकालाही नाव नाही. पट्टीवर नुसतं सेक्शन १, सेक्शन २, सेक्शन ३, कैद्यांना नंबर द्यावेत तसे. विचारलं तर म्हणाले, माझ्या डोक्यात आहे सगळं. खुरं एकतिसाव्यात, जंत अठ्ठाविसाव्यात. उघडून बघितलं, बरोबर होतं.

२५ फेब्रुवारी

आज मला सोनं सापडलं.

सकाळी बाबांनी हाक मारली. कुठलासा सेक्शन मिळत नव्हता. कुठला म्हटलं, तर बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "ते गं, उभ्याने झोपतं त्याचं."

मला हसू आलं. घोडा म्हणायचं सोडून उभ्याने झोपतं ते. मग मी मुद्दाम एकेक विचारत गेले. मांजराचा सेक्शन? "ते आपल्याच मर्जीने येतं-जातं ते." जंतांचा? जंतांना जरा वेळ लागला. "आतले भाडेकरू," म्हणाले. लगेच म्हणाले नाहीत, आधी हाताने पोट दाखवून मग म्हणाले.

बसमध्ये सगळा रस्ताभर तेच डोक्यात. माणसाला भाग आकड्याने आठवत नाही आणि शीर्षकानेही आठवत नाही. त्याला आत काय आहे ते आठवतं, आणि तेही आपल्या शब्दांत. आपण त्याला एकच नाव देऊ देतो आणि तेच पाठ कर म्हणतो. माणसाला तरी एकच नाव असतं का? कागदोपत्री एक असतं, घरात हाक मारायचं दुसरं, मित्रांचं तिसरं. कुठल्याही नावाने हाक मारली तरी माणूस ओ देतो. सेक्शननेही तसाच ओ द्यायला हवा.

दाढीवाल्याला सांगितलं. तो दाढी खाजवत राहिला. त्याला पटलं की तो खाजवतो.

३ मार्च

असं ठरलंय. सेक्शनला एक कायमचं नाव असेल. तो भाग उचलून कुठेही नेला तरी ते बदलणार नाही, आणि ‘अमुक पहा’ असं लिहिलं की ते वाक्य जागेला नाही, त्या भागालाच बांधलेलं राहील. जोडीला हाक मारायची नावं, हवी तितकी. आणि लिहिणाऱ्याने काहीच नाव दिलं नाही तर ‘सेक्शन ३१’ असं न दाखवता आतल्या पहिल्या वाक्याचे दोन-चार शब्द दाखवायचे. निदान चेहरा तरी दिसेल.

बाबा माझे गुरू झालेत. रोज संध्याकाळी त्यांच्याशेजारी बसते आणि ते कशाला काय म्हणतात ते टिपून घेते. आता तर ते घरातल्या वस्तूंनाही तसंच म्हणतात. किल्लीला ‘उघडायचं’, चष्म्याला ‘डोळ्यांवरचं’. मला वाटतं, माझ्या कामाला हातभार म्हणून मजा करतायत. पूर्वीपासून थट्टेखोर आहेत. मात्र थट्टा करताना डोळ्यांत हसायचे, ते हल्ली दिसत नाही.

७ मार्च

बाबांचं डोकं दुखतंय. दिवसभर पडद्यापुढे बसल्यावर दुसरं काय होणार. चष्म्याचा नंबर तपासून आणला, फारसा फरक नाही.

माऊसचं बटण नीट लागत नाही म्हणाले, म्हणून नवा माऊस आणला. तोही नीट लागत नाही म्हणून डाव्या हाताने वापरायला लागलेत. या वयात नवीन खोडी.

१२ मार्च

धाकट्या बहिणीचा फोन. बाबांशी बोलून झाल्यावर तिने मला परत फोन केला आणि विचारलं की बाबा असे का बोलतात. म्हटलं, कसे? तर म्हणाली, थांबून थांबून, आणि मला त्यांनी नावाने हाक मारली नाही. मी तिला माझ्या कामाचं सांगितलं, उभ्याने झोपतं तेही सांगितलं. ती हसली नाही.

मला जरा रागच आला. तीन महिन्यांतून एकदा येणार आणि फोनवरून तपासणी करणार. ती व्यायामाची डॉक्टर आहे, लोकांचे गुडघे वाकवते. सगळ्यांत दुखणं शोधायची सवय लागलीय. मी रोज बघते त्यांना. हां, दुपारी फार झोपतात हल्ली. कालच्या दिवशी चांगले गप्पा मारत होते की. वय झालं, मन लागत नसेल. पुस्तक संपत आलं की बरं वाटेल.

लेस बांधायचा कंटाळा येतो म्हणून चपला घालून फिरायला जातात. तेही बरंच, सुटसुटीत.

१८ मार्च

कसं लिहू. आज सगळ्यांसमोर तोंडघशी पडले.

नवी पट्टी तयार झाली म्हणून मॅडमनी ऑफिसमध्येच एक चाचणी ठेवली. बाहेरचं कुणीतरी वापरून बघणारं हवं होतं. मी मोठ्या ऐटीत म्हटलं, माझ्या बाबांना आणते. पट्टी त्यांच्याच तर बोलण्यावरून बेतलेली. त्यांची फाईल उघडली, सगळी हाक मारायची नावं मी आधीच भरून ठेवली होती. मॅडम म्हणाल्या, काका, गाभण गाईचा भाग उघडून दाखवा.

बाबा पट्टीकडे बघत राहिले. नुसते बघत राहिले. मग उजवा हात माऊसवर ठेवला, तो घसरून मांडीवर पडला. त्यांनी तो डाव्या हाताने उचलून परत ठेवला. मी हळूच म्हटलं, बाबा, इथे टाईप करा ना, तुम्ही म्हणता तसं. त्यांनी काहीतरी टाईप केलं. अक्षरं होती, शब्द नव्हता. शेवटी बाबा माझ्याकडे वळून म्हणाले, "घरी."

दाढीवाल्याने संगणक बंद केला. मॅडमनी मला दाराशी गाठून विचारलं की बाबा नेहमी असेच असतात का. मला ते झोंबलं. म्हटलं, दमलेत ते, आणि पट्टी जमली नाही असं सरळ म्हणा. मॅडम म्हणाल्या, मी पट्टीबद्दल बोलत नाहीये.

टॅक्सीत बाबा काचेला डोकं टेकून झोपले. मी सगळा वेळ पट्टीचाच विचार करत होते. इतकी सोपी करूनही त्यांना जमली नाही, मग लिफ्टच्या मेकॅनिकला काय जमणार.

२० मार्च

सकाळी धाकटी आली, न कळवता. दारातून आत आली, पायातलं काढलं नाही, सरळ बाबांसमोर जाऊन बसली. दोन्ही हात पुढे करा म्हणाली, डोळे मिटा म्हणाली. बाबांचा उजवा हात हळूहळू खाली यायला लागला. त्यांना स्वतःला ते कळलं नाही. तिने विचारलं, अलीकडे कुठे पडले होते का, डोक्याला काही लागलं का. मी नाही म्हणणार होते. मग आठवलं, ओट्यावरचं कपाट.

"आणि रक्त पातळ व्हायची गोळी चालूच आहे ना त्यांची?" तिने विचारलं. चालूच आहे. हृदयाचं झालं तेव्हापासून.

ती उठून बाबांच्या चपला शोधायला लागली. मीच त्यांना पायात घालून दिल्या.

दुपारपर्यंत डोक्याचा फोटो निघाला. डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर दाखवला. डाव्या बाजूला कवटी आणि मेंदूच्या मध्ये कोयरीसारखा काळसर डाग. रक्त साठलंय. लहानशी शीर फुटली, थेंब थेंब झिरपत राहिलं, मेंदू आत दाबला गेला. शब्द जिथे असतात नेमकी ती बाजू. मी विचारलं, म्हणजे त्यांना शब्द सापडतच नव्हते? बाई म्हणाल्या, सापडत नव्हते म्हणून तर ते वळसा घालून जात होते.

मी बाहेर येऊन जिन्यात बसले. उभ्याने झोपतं ते. आतले भाडेकरू. मी त्याला सोनं म्हटलं होतं.

उद्या सकाळी ऑपरेशन. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वेळेत आणलंत, असली दुखणी बहुतेक पूर्ण बरी होतात. बहुतेक हा शब्द मी घरी घेऊन आलेय.

२१ मार्च

झालं. कवटीला दोन लहान भोकं पाडून रक्त काढलं, एक नळी ठेवलीय. बाहेर बाकावर धाकटी आणि मी शेजारी शेजारी बसलो होतो. मी तिला म्हटलं, मी रोज बघत होते गं. ती म्हणाली, म्हणूनच दिसलं नाही, ताई. माझ्याकडे येणाऱ्या लोकांची पाठ वाकलेली त्यांच्या बायकांना कधीच दिसत नाही. मग तिने तिच्या डब्यातलं अर्धं मला दिलं. तेव्हा कळलं की कालपासून काही खाल्लं नव्हतं.

संध्याकाळी आत सोडलं. डोक्याला पट्टी, चेहरा सुजलेला. नर्सने खिशातलं पेन काढून विचारलं, काका, हे काय? बाबांनी डोळे बारीक केले.

"पेन," बाबा म्हणाले. मग जरा थांबून, "शाई संपत आलीय त्याची."

धाकटी पाठ फिरवून खिडकीशी गेली. मी तर नर्सचाच हात धरला.

२३ मार्च

घोडा. गाय. मांजर. जंत. सगळे परत आले. बाबा खाटेवर बसून एकेक मोठ्याने म्हणून बघतायत, आणि पलीकडच्या खाटेवरचे आजोबा विचारतात, अहो, तुमच्याकडे एवढी जनावरं आहेत?

उजव्या हाताची मूठ घट्ट वळते. मी तपासायला माझी बोटं दिली, तर इतकी आवळली की मीच ओरडले.

२७ मार्च

बाबा घरी. धाकटी रविवारपर्यंत आहे. ती त्यांना चालायला लावते आणि ते तिला शिव्या घालतात, पूर्ण वाक्यात. ऐकून इतकं बरं वाटतं.

दुपारी झोपले तेव्हा दोनदा जाऊन श्वास चालू आहे ना बघितलं. तिसऱ्यांदा डोळे न उघडता म्हणाले, "थोरले, मी नुसता झोपलोय."

२९ मार्च

कामावर गेले. सगळ्यांनी बाबांची चौकशी केली. मॅडमचे मनापासून आभार मानले, आणि त्या दिवशी तोडून बोलले त्याबद्दल वाईट वाटतं म्हटलं. त्या म्हणाल्या, बाबा आहेत ना ठीक, मग झालं.

पण मनात एक भुंगा आहे, तो दाढीवाल्याला सांगितला. ही पट्टी मी एका आजारी माणसाला बघून बेतली. निरोगी माणसाला शब्द सापडतात. मग हाक मारायच्या नावांचा उपयोग कुणाला? सगळं काढून टाकावं का? लिफ्टवाले यायला आठवडाही नाही. दाढीवाल्याने दाढी खाजवली नाही. म्हणाला, मला माहीत नाही.

३१ मार्च

आज धीर करून बाबांनाच विचारलं. त्यांना काही आठवत असेल की नाही, धाकधूक होती. बरंच आठवतंय. म्हणाले, शब्द जिभेवर यायचा आणि वळून आत जायचा, ओळखीचा माणूस दारातून परत जावा तसा. भीती वाटायची. मग मला सांगितलं का नाही म्हटलं, तर म्हणाले, तू इतकी खूश होतीस.

मी उठून त्यांना पाणी आणून दिलं.

मग मी पट्टीचं विचारलं. ठेवू की काढू? बाबांनी मला वेड्यात काढलं. "अगं, बरा होतो तेव्हा तरी मला कुठे आकडे आठवत होते? तुला एकतीस आणि अठ्ठावीस सांगितले, ते तेवढेच पाठ होते. बाकी सगळे मी खालीवर करून शोधायचो, तू कामावर गेलीस की. गाभण गाईचं एकदा शोधता शोधता दुपार गेली."

असा हा लबाड माणूस. इतकं हलकं वाटलं की त्यांच्यावर रागवायचंच राहून गेलं.

३ एप्रिल

लिफ्टवाले आले. तिघं. त्यात एक वयस्क मेकॅनिकबाई होत्या, गप्प बसलेल्या. मी नमुना म्हणून त्यांचंच पुस्तक नव्या पट्टीत भरलं होतं. त्यांच्यातल्या साहेबांनी एक भाग उचलून दुसरीकडे टाकला, पाच-सहा ठिकाणी उलटसुलट केलं. ‘ब्रेक तपासणी पहा’ हे वाक्य जिथे होतं तिथूनच ब्रेकच्या भागाकडे नेत राहिलं. साहेबांनी मान हलवली, पण अर्धीच.

मग मेकॅनिकबाईंनी विचारलं, ‘कुरकुर’ लिहिलं तर काय येईल? ते नाव मी दिलं नव्हतं. काहीच आलं नाही. दाढीवाला पुढे झाला आणि म्हणाला, तुम्ही कशाला कुरकुर म्हणता? दार बंद होताना खालून आवाज येतो तो, बाई म्हणाल्या, आमच्याकडे सगळे तेच म्हणतात, पुस्तकात त्याला भलंमोठं नाव आहे. दाढीवाल्याने तो भाग शोधायला लावला, हाक मारायच्या नावांच्या चौकटीत बाईंच्याच हाताने ‘कुरकुर’ लिहायला लावलं आणि म्हणाला, आता विचारा. बाईंनी विचारलं. भाग उघडला.

बाईंनी खुर्ची पुढे ओढली. पुढचा सगळा वेळ त्या एकामागून एक नावं घालत होत्या आणि साहेब घड्याळ बघत होते. जाताना म्हणाले, कळवतो. पण मेकॅनिकबाई जिन्यातून परत आल्या, एक नाव राहिलं होतं म्हणून.

७ एप्रिल

लिफ्टवाले राहिले. मॅडमनी आज सगळ्यांना खोलीत बोलावलं आणि बसा म्हणाल्या. खुर्च्या पुरल्या नाहीत, आम्ही जमिनीवर बसलो. दाढीवाल्याने उठून निवांत आळस दिला. मीसुद्धा दिला.

१२ एप्रिल

डॉक्टरीणबाईंनी नवा फोटो बघून सांगितलं, डाग गेला. मेंदू परत आपल्या जागी पसरलाय. महिन्याने एकदा दाखवायचं, बाकी काही नाही.

घरी आल्यावर बाबा लगेच पुस्तकाला बसले, नव्या पट्टीवर. मी आत स्वयंपाक करत होते. बाहेरून टाईप करण्याचा आवाज येत होता, दोन्ही हातांचा. बऱ्याच वेळाने बोलावलं, वाचून बघ म्हणाले. नवा भाग लिहिला होता, जेमतेम दोन पानांचा. सावकाश येणारी दुखणी. जनावर रोज डोळ्यासमोर असतं, म्हणून मालकाला त्याच्यातला बदल दिसत नाही. तो निष्काळजी नसतो, जवळ असतो. अशा मालकाला डॉक्टरने रागावू नये. त्याने बाहेरच्या कुणाला तरी अधूनमधून घरी बोलवावं आणि जनावर दाखवावं, एवढंच सांगावं.

मी म्हटलं, तुम्ही तर अशा मालकांवर ओरडायचात. लहानपणी दवाखान्यात बसून ऐकलंय मी. "ओरडायचो," बाबा म्हणाले. "चूक होती."

कायमचं नाव त्यांनी टाकलं होतं, ‘सावकाश येणारी दुखणी’. खाली हाक मारायच्या नावाची चौकट रिकामी होती. त्यांनी थोडा विचार केला आणि माझ्यासमोर टाईप केलं, ‘थोरली’.

मी म्हटलं, हे नाव कुणालाही कळणार नाही, पुस्तक छापलं तर काढावं लागेल. ते म्हणाले, छापताना ही नावं दिसत नाहीत ना, तूच तसं केलंयस. मग खात्री करायला त्यांनी शोधायच्या जागी ‘थोरली’ लिहिलं, आणि आम्ही दोघं पडद्याकडे बघत बसलो, तो भाग उघडेपर्यंत.